विद्यार्थ्यांनी स्वतः सोडवावे

“ही सबजंक्टिव्ह म्हणजे काय भानगड काढलीया बोर्डानं?”

अण्णासाहेब मगदुमांनी नवा अभ्यासक्रम माझ्या टेबलावर टाकला आणि त्यावर आपली तपकिरीची डबी ठेवली. आमच्या खोलीतला पंखा वारा कमी घालायचा आणि कागद जास्त उडवायचा, त्यामुळे प्रत्येक महत्त्वाच्या कागदावर कुणाची तरी वस्तू असायची.

“मूड आहे, अण्णा. क्रियापदाचा,” मी म्हटलं.

“क्रियापदाला मूड असतो?”

“इंग्रजांच्या क्रियापदाला असतो. आपल्याकडे फक्त मालकांना असतो.”

समोरच्या खुर्चीवर इंदुमती मंगसुळे ब्लेडनं तांबडी पेन्सिल तासत होती. तिनं मान वर केली नाही, पण तासणं थांबलं. ती हसली की एवढंच व्हायचं. मी दिवसातून आठ-दहा वेळा तरी ते तासणं थांबवायचा प्रयत्न करत असे, आणि पगार घेत होतो तो इंग्रजीचा.

“बाई, तुम्ही सांगा,” अण्णा म्हणाले. “ह्या हेर्लेकर मास्तरला विचारलं की नुसते फाटे फोडतो.”

“जे नाही ते आहे असं धरून बोलायचं, अण्णा,” ती म्हणाली. “मी राजा असतो तर, मी पक्षी असतो तर. बोलणाऱ्याला माहीत असतं की आपण राजा नाही. ऐकणाऱ्यालाही माहीत असतं.”

“मग बोलायचं कशाला?”

“बोलल्याशिवाय राहवत नाही म्हणून.”

अण्णांनी चिमूटभर तपकीर ओढली. “म्हणजे निवडणुकीचं भाषण.”

“त्यात ऐकणाऱ्याला माहीत नसतं,” मी म्हटलं.

अण्णांनी दाराकडे बघितलं. साल शहात्तर होतं. “हळू बोला. आणि ‘मी पंतप्रधान असतो तर’ हे वाक्य घालू नका. हेडमास्तर घाला. हेडमास्तरचं कुणाला काही वाटत नाही. शनिवारी ह्या पानांचा फॉर्म मशीनवर चढला पाहिजे.”

ही जागा म्हणजे कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका बोळातला छापखाना. खाली शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि मशीन, वर आम्ही. आम्ही गाइडं तयार करायचो. पाठ्यपुस्तकात मुलांना प्रश्न पडावेत अशी योजना असते आणि गाइडात ते पडण्याआधीच सोडवलेले असतात. आमच्या ‘विजयी इंग्रजी मार्गदर्शिके’च्या कव्हरवर ‘अनुभवी प्राध्यापकांच्या मंडळाने तयार केलेली’ असं छापलेलं असे. मंडळ म्हणजे मी आणि ती. मी एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला तीन वर्षं होतो. ती बी. ए., बी. एड., पण शाळेत जागा नाही म्हणून कागलहून रोज एस. टी.नं येणारी. आमच्यात प्राध्यापक कुणी नव्हतं; अनुभव मात्र येत होता.

आमच्या छापखान्याची एक पद्धत होती. तिला अण्णा ‘दोन हाती काम’ म्हणत. पूर्वी एक मास्तर प्रश्न आणि उत्तरं दोन्ही स्वतःच लिहायचे, आणि एका वर्षी पुस्तकात अशी उत्तरं छापली गेली की त्यांचे प्रश्नच पुस्तकात नव्हते. तेव्हापासून नियम झाला. प्रश्न एकानं काढायचे, उत्तरं दुसऱ्यानं लिहायची. मधे एकमेकांशी बोलायचं नाही. उत्तर लिहिणाऱ्याला प्रश्न कळला नाही तर प्रश्न चुकला असं धरायचं. मग उत्तरं परत प्रश्न काढणाऱ्याकडे जायची. त्यानं तांबड्या पेन्सिलीनं बरोबरची खूण करून खाली आद्याक्षरं घातली की कागद खाली जायचा. एकदा खाली गेला की गेला.

दुसरा नियम असा. निबंध, नकाशा, ‘तुमच्या गावच्या जत्रेचे वर्णन करा’ असलं काही आलं की गाइडात लिहायची सोय असते : ‘विद्यार्थ्यांनी स्वतः सोडवावे.’ अण्णांना हे वाक्य सहन होत नसे. “स्वतः सोडवायचं असतं तर पोरगं गाइड कशाला घेईल?” पण अगदीच नाइलाज झाला तर एका धड्यात एकदा, एवढी मुभा होती.

त्या बुधवारी चहा आला तेव्हा तिनं बशीखालून एक पाकीट काढलं.

“यवतमाळहून आलंय,” ती म्हणाली. “मुलींची शाळा आहे. कायमची जागा. शनिवारपर्यंत तारेनं कळवा म्हणतात.”

मी चहा ढवळला. तो आधीच ढवळलेला असे, हॉटेलातून.

“घरचे काय म्हणतात?”

“तुझं तू ठरव म्हणतात. आमच्याकडे असं कधी म्हणत नाहीत. म्हणजे कंटाळले असणार.”

“मग?”

“मग काही नाही. ठरवते.”

खालून कृष्णात वर आला. कृष्णात खिळे जुळवणारा. पन्नाशीचा, चष्म्याची एक काडी दोऱ्याची. मराठी वाचायचा, इंग्रजी अक्षरं मात्र तो माणसं ओळखावीत तशी तोंडवळ्यावरून ओळखायचा, आणि आम्हा मंडळापेक्षा कमी चुका करायचा.

“बाई,” तो म्हणाला, “गाळलेल्या जागा जरा कमी काढा की. टिंबं संपत आल्यात. रिकाम्या जागेला लई टिंबं लागत्यात. त्यापरास भरलेली ओळ परवडली.”

“ह्या धड्यात थोड्याच काढते, कृष्णातमामा.”

“आन् काढायचीच तर लहान काढा.”

संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे सायकल हातात धरून तिच्याबरोबर स्टँडपर्यंत गेलो. माझं घर मंगळवार पेठेत, म्हणजे बरोबर उलट्या दिशेला. हे तिला माहीत होतं. तिला माहीत आहे हे मला माहीत होतं. पहिल्या वर्षी मी स्टँडवर कुणीतरी पाव्हणा यायचाय असं सांगत असे. दुसऱ्या वर्षी पाव्हणे संपले.

“यवतमाळला ऊन फार असतं म्हणतात,” मी म्हटलं.

“कागलला काय चांदणं असतं?”

“तिकडचं कडक असतं.”

माझ्या सायकलीच्या चेनचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, “सर, तुम्हाला उन्हाशिवाय दुसरं काही विचारायचं आहे का?”

मला विचारायचं होतं. तोंडात आलं होतं. मी म्हटलं, “पाण्याचं कसं आहे तिथं?”

ती हसली. हातात पेन्सिल नव्हती, त्यामुळे ह्या वेळी चांगलं दिसलं. “पाण्याची टंचाई आहे,” ती म्हणाली. “तुम्ही इकडून पाठवा.”

“कावड घेऊन येतो.”

“आणाल?”

“एस. टी.त घेऊ देत असतील तर.”

पाच चाळीसची कागल गाडी लागली होती. ती पायरीवर चढली, मागं वळली आणि म्हणाली, “तुम्ही फार हसवता, सर.” मी खूश झालो. मला तेव्हा ती तारीफ वाटली. त्याच महिन्यात इथल्या एका दैनिकानं माझे दोन चुटके छापले होते आणि आपल्याला हसवता येतं ही गोष्ट मी फार मनावर घेतली होती.

शुक्रवारी तिनं सबजंक्टिव्हचे दहा प्रश्न तयार केले. गाळलेल्या जागा भरा. अण्णांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवून वाचला. त्यांना इंग्रजी फारसं येत नसे, पण गावांची नावं बरोबर सापडत.

“सात नंबरात यवतमाळ कशाला घातलंय? तिथं आपला एजंट नाही. सांगली घाला.”

“सांगलीला जायला कुणाची ना आहे, अण्णा?” ती म्हणाली.

अण्णांनी विचार केला. “बरं, राहू दे. त्या निमित्तानं विदर्भात खपलं तर खपलं.”

तिनं तो कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि त्यावर आपली पेन्सिल ठेवली. मग गाडी लवकरची आहे म्हणाली आणि एकटीच स्टँडवर गेली. मी उठलो होतो. सायकलीची किल्ली हातात होती. ती म्हणाली, “नको, सर. नियम आहे ना. मधे बोलायचं नाही.”

शनिवारी सकाळी दहाला मी उत्तरं लिहायला बसलो. ती समोर दुसऱ्या धड्याची प्रुफं वाचत होती.

पहिल्या सहा प्रश्नांत नेहमीची मंडळी होती. गोपाळ उंच असता तर त्यानं आंबा तोडला असता. सीतेला पंख असते तर ती मामाकडे गेली असती. गाइडातल्या गोपाळाला आणि सीतेला आंबा आणि मामा ह्यापलीकडे आयुष्यात काही नको असतं. त्यांचं सुख बघून मला हेवा वाटत असे.

सातवा प्रश्न असा होता : आय वुड नॉट गो टु यवतमाळ इफ, आणि पुढं टिंबं. मी यवतमाळला जाणार नाही, जर अमुक झालं तर. ते अमुक काय, ते भरायचं.

ह्यात गोपाळ नव्हता, सीता नव्हती. आमच्या पुस्तकात ‘मी’ फक्त राजा किंवा पक्षी होण्यासाठी येत असे. हा ‘मी’ राजाही नव्हता आणि पक्षीही नव्हता. तो कागलहून आठ पंचवीसच्या गाडीनं आला होता आणि माझ्यासमोर बसला होता.

मी वर बघितलं. तिनं बघितलं नाही. पण तिचं पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

मी लिहिलं : इफ द एस. टी. बस ब्रोक डाऊन. गाडी बंद पडली तर. व्याकरण चोख होतं. विनोदही बरा होता. मी तो खोडला.

मग मी लिहिलं : इफ इट वेअर नॉट सो हॉट. ऊन एवढं नसतं तर. तेही खोडलं. तिसऱ्यांदा पेन टेकवलं आणि ‘इफ यू’ एवढे दोन शब्द लिहून झाले तेवढ्यात जिन्यावर अण्णांच्या वहाणा वाजल्या.

“मास्तर, झालं का? मशीन रिकामं बसलंय.”

“सातवा राहिलाय.”

“एवढा काय अवघड हाय?”

“अवघड नाही, अण्णा.”

“मग लिहा की.”

समोर पान अजून तेच होतं. अण्णा उभे होते. खाली मशीनचा पट्टा मोकळाच फिरत होता, त्याचा फट फट आवाज येत होता. मी त्या ‘इफ यू’वर दोन रेघा ओढल्या आणि शेजारी स्वच्छ अक्षरात लिहिलं : विद्यार्थ्यांनी स्वतः सोडवावे.

अण्णा वाकून बघत होते. एवढं मराठीत होतं, ते त्यांनी वाचलं. “गाळलेल्या जागेला असं लिहितात?”

“ह्या धड्यातलं एकच आहे. मुभा आहे.”

“मुभा हाय,” अण्णा नाराजीनं म्हणाले आणि कागद उचलून तिच्यापुढं ठेवला. “बाई, बघा आणि सोडा.”

तिनं पेन्सिल घेतली. टोक चांगलं होतं, तरी ब्लेड काढलं आणि तासायला बसली. सालपट एका लांब नागमोडीत निघालं. ती ते नेहमी शाईच्या दौतीच्या झाकणात जमवायची. त्या दिवशी जमिनीवर पडू दिलं. मग पहिल्यापासून एकेक उत्तर वाचत तिनं खुणा केल्या. गोपाळ, बरोबर. सीता, बरोबर. सातव्यापाशी आली. माझी खोडलेली दोन उत्तरं तिथं होती, आणि दोन रेघांखालचं ‘इफ यू’ही, दिव्याकडे धरलं तर वाचता येण्यासारखं. तिनं कागद दिव्याकडे धरला नाही. तिनं खूण केली. बरोबर. मग आठ, नऊ, दहा, आणि खाली इं. मं.

“लावा, कृष्णातमामा,” ती जिन्यातून खाली म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा होता.

साडेतीन वाजता ती माझ्या टेबलाशी आली. हातात तारेचा फॉर्म होता.

“सर, एवढं इंग्रजी बघता का? चूक नको राहायला.”

जागा स्वीकारली, एक जूनला हजर होते, आणि नाव. चार-पाच शब्द. त्यात जर नव्हतं, तर नव्हतं. मी ते प्रुफासारखं वाचलं, प्रत्येक अक्षरावर थांबून. एकदा उलटं वाचलं. मी आयुष्यात इतकी शुद्ध तार पाहिली नव्हती.

“बरोबर आहे,” मी म्हटलं.

“नक्की ना?”

“हो.”

“मग टाकते,” ती म्हणाली, आणि गेली.

पुढच्या महिन्यात अण्णांनी तिला साडी दिली, कृष्णातनं मारुतीचा अंगारा दिला आणि मी एक शब्दकोश दिला. त्यावर ‘अनुभवी प्राध्यापकांच्या मंडळाकडून मंडळास’ असं लिहिलं. तिनं ते वाचलं आणि म्हणाली, “हसवता तुम्ही.” ‘फार’ म्हणाली नाही.

त्यानंतर बरेच दिवस सायकल संध्याकाळी आपणहून स्टँडकडे वळायची. सायकलीला दोष द्यायला बरं पडतं. मी पाच चाळीसची गाडी लागलेली बघायचो, ती सुटली की परत यायचो. कंडक्टरला वाटलं मी तिकीट तपासनीस आहे. तो मला नमस्कार करायला लागला. पत्र लिहायचं मनात येई. पत्ता नव्हता म्हणून राहिलं असं सांगायची सोय नाही. शाळेचा पत्ता मला पाठ होता. प्रत्येक पत्राची सुरुवात मजेशीर होत असे, आणि तशी झाली की पुढं जे लिहायचं ते लिहिता येत नसे.

समोरच्या खुर्चीवर बेळगावचे एक निवृत्त मास्तर आले. ते पेन्सिल यंत्रानं तासायचे.

तीन वर्षं गेली. विजयी मार्गदर्शिकेची चौथी आवृत्ती चालू होती तेव्हा एक दिवस अण्णांनी माझ्यासमोर एक कार्ड टाकलं.

“बघा, यवतमाळलाही पोचलो आपण. एजंट नसताना. पण पोरगी तक्रार करतीया.”

कार्डावर गोल, ठसठशीत अक्षर होतं :

‘माननीय प्राध्यापक मंडळ, यांना सादर प्रणाम. आपल्या मार्गदर्शिकेत सबजंक्टिव्हच्या धड्यात प्रश्न सातचे उत्तर दिलेले नाही. आम्ही सर्व मुलींनी प्रयत्न केला पण आम्ही यवतमाळलाच राहतो त्यामुळे जमले नाही. आमच्या बाईंना विचारले. बाई म्हणाल्या की ज्यांना तो प्रश्न सोडवायला दिला होता त्यांनाच विचारा. तरी कृपया उत्तर कळवावे. परीक्षा जवळ आली आहे. आपली आज्ञाधारक, कु. रेखा गावंडे, इयत्ता दहावी ब.’

“उत्तर टाका पोरीला,” अण्णा म्हणाले. “आणि नव्या आवृत्तीत पण घाला. कार्डं यायला लागली तर नाव जाईल.”

मी कार्ड दोनदा वाचलं. पंखा फिरत होता म्हणून त्यावर हात ठेवला.

ही गोष्ट मी पुढं अनेकांना सांगितली. चाळीस वर्षं वर्तमानपत्रात लोकांना हसवण्याचं सदर चालवलं, व्याख्यानं केली, त्यात हा किस्सा हमखास घ्यायचो. एक मुलगी गाइडात प्रश्न काढते आणि हा शहाणा मास्तर खाली ‘विद्यार्थ्यांनी स्वतः सोडवावे’ लिहितो. बिचाऱ्याला प्रश्न कळलाच नाही. लोक खूप हसत. सोलापुरात एकदा एक गृहस्थ खुर्चीवरून पडले.

पण नियम काय होता ते मी वर लिहिलंच आहे. उत्तर लिहिणाऱ्याला प्रश्न कळला नाही तर प्रश्न चुकला असं धरायचं. तिचा प्रश्न चुकलेला नव्हता. मला तो पहिल्या वाचनात कळला होता. उत्तरही येत होतं. दोन शब्द लिहूनही झाले होते. पुढं फक्त चार राहिले होते.

कार्ड आलं त्या दिवशी मी ते लिहिले. कोरं कार्ड घेतलं आणि एका दमात, विनोद न करता लिहिलं : इफ यू आस्क्ड मी टु स्टे. तुम्ही मला राहायला सांगितलंत तर. खाली मुलीसाठी टीप दिली, की इथं क्रियापदाचं रूप भूतकाळाचं असलं तरी अर्थ भूतकाळाचा नसतो. गोष्ट अजून होण्यासारखी असते. ही टीप व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकाप्रमाणे बरोबर आहे. मग मी स्वतः जाऊन कार्ड पेटीत टाकलं, हात आत घालून ते खाली पडल्याचा आवाज ऐकला, आणि परत येऊन चौथ्या आवृत्तीच्या प्रुफात सातव्या प्रश्नापुढचं मराठी वाक्य काढून तिथं हे उत्तर घातलं. कृष्णातनं जुळणी बदलली.

पुढचे पंधरा दिवस मी पोस्टमनला इतक्यांदा हटकलं की त्यानं माझ्यासाठी आपला रस्ता बदलला, म्हणजे तो आधी आमच्याकडे यायला लागला. त्या पंधरा दिवसांत मी नवे कपडे शिवले. यवतमाळच्या गाड्यांची चौकशी केली. दोन ठिकाणी बदलावं लागतं. चौकशीच्या खिडकीतला माणूस म्हणाला, “काय काम काढलंत एवढ्या लांब?” मी म्हटलं, “पाणी पोचवायचंय.” तो हसला नाही. मला बरं वाटलं.

सोळाव्या दिवशी कार्ड आलं. तेच गोल अक्षर.

‘सादर प्रणाम. आपले उत्तर मिळाले. मी ते वर्गात वाचून दाखवले व मग आमच्या सौ. बाईंना दाखवले. बाईंनी आपल्या कार्डावर तांबड्या पेन्सिलीने बरोबरची खूण केली व कार्ड स्वतःकडे ठेवून घेतले. मी विचारले, परीक्षेत असेच लिहू का? बाई म्हणाल्या, असेच लिही. फक्त पेपर गोळा करायच्या आत लिही. तरी आपण केलेल्या मदतीबद्दल आभारी आहे.’

मी ते वाचलं. ‘सौ.’ ह्या अक्षरापुढचं टिंब मुलीनं जरा दाबून दिलं होतं. कार्डाच्या मागच्या बाजूला ते हाताला लागत होतं.

मी जिना उतरून खाली गेलो. चौथ्या आवृत्तीचा तो फॉर्म अजून मशीनवर चढायचा होता. कृष्णात दगडी टेबलावर वाकून जुळवलेली पानं लोखंडी चौकटीत कसत होता.

“कृष्णात, सबजंक्टिव्हच्या सातव्या उत्तरात दुरुस्ती आहे.”

“आता परवाच केली की.”

“ती काढायची. आधीचं होतं तेच ठेवायचं.”

“म्हंजे ‘विद्यार्थ्यांनी स्वतः सोडवावे’?”

“हो.”

“आन् मालक काय म्हणतील?”

“म्हणू देत.”

कृष्णातनं चिमट्यानं इंग्रजी ओळ सैल केली. एकेक अक्षर उचलून तो ज्याच्या त्याच्या खणात टाकू लागला. मी उभा राहून बघत होतो. ती सहा शब्दांची ओळ मोडायला मिनिटसुद्धा लागलं नाही.

“नवी जुळवायला वेळ लागेल का?” मी विचारलं.

“नवी कशाला?” तो म्हणाला. त्यानं टेबलाखालचा खण ओढला आणि दोऱ्यानं बांधलेली एक छोटी जुडी काढून दगडावर ठेवली. धुळीतही अक्षरं वाचता येत होती, उलटी. “जुनी मी मोडलीच न्हवती. म्हटलं, ऱ्हाऊ दे बांधून. सरांना परत लागंल.”

मी त्याच्याकडे बघितलं. तो दोरा सोडण्यात गुंतला होता.

कृष्णातला इंग्रजी येत नव्हतं.